मदत हवी आहे: भावाची डुकरं पुण्यात थेट विकायची आहेत

मुळशीची_लेक: माझा भाऊ पौडच्या पुढे वराहपालन करतो. 14 डुकरं विकायला तयार आहेत आणि नेहमीचा व्यापारी अगदी पडेल भावात मागतोय, वर म्हणतो द्यायचं तर द्या. भाऊ एवढ्या मायेने वाढवतो, पुण्यात अशा मालाला दोन पैसे जास्त देणारं गिऱ्हाईक कुठे मिळेल? प्लीज लवकर सांगा, खाद्य संपत आलंय.

कॅम्पवाला: ताई वजन किती, जात कोणती? जिवंत विकायचीत की मटण करून? एवढ्यावर काय सांगणार.

शेतीमित्र_77: राष्ट्रीय पशुधन अभियानात 50 टक्के अनुदान आहे बघा, 100 माद्या आणि 10 नरांच्या युनिटला 30 लाखांपर्यंत मिळतं. भावाला प्रकल्प अहवाल करायला सांगा.

मुळशीची_लेक: दादा अनुदान नकोय हो, गिऱ्हाईक हवंय. यॉर्कशायर आहेत, 80-90 किलोची. जिवंत किंवा मटण, जे जमेल ते.

हडपसरकर: खाद्याचं टेन्शन कशाला घेता, हॉटेलचं खरकटं आणा. आम्ही रोज दोन पिंपं उचलायचो, खर्च निम्म्यावर.

शिरवळचा_डॉक्टर: कृपा करून हे करू नका. 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग आला, त्यावर औषध नाही. खरकट्यात डुकराच्या मांसाचा तुकडा असला तरी तो पसरतो. एक केस निघाली की आसपासच्या 1 किलोमीटरमधली सगळी डुकरं मारावी लागतात, म्हणजे शेजाऱ्याचीही.

हडपसरकर: डॉक्टर, आम्ही सहा वर्षं केलं, काही झालं नाही.

शिरवळचा_डॉक्टर: खरकटं उकळून देत होता का?

हडपसरकर: कधी कधी.

कोथरूडची_आजी: आमच्या सोसायटीमागे मोकाट डुकरं फिरतात त्यांची तक्रार कुठे करायची कुणी सांगेल का?

रानवाटा: आजी, वेगळा धागा काढा ना. ताई, मायेने वाढवतो म्हणजे नक्की काय करतो भाऊ? गिऱ्हाईक पहिलं तेच विचारेल.

मुळशीची_लेक: शेडमध्ये भाताचं तूस जाड अंथरलंय, पिंजरा नाही. मादी व्यायला आली की आदल्या दिवशी तिला पेंढा देतो, ती तोंडाने ओढून ओढून कोपऱ्यात नेते, पायाने सारखा करते आणि त्यात घर करते. कडेला भिंतीपासून वीतभर सोडून पाइप लावलाय म्हणून ती आडवी झाली तरी पिल्लं पाइपामागे सरकतात, चेंगरत नाहीत. उन्हाळ्यात चिखलाचा खड्डा करतो, डुकराला घाम येत नाही ना. मी स्वतः बघितलंय हे सगळं, म्हणून व्यापाऱ्याचा भाव ऐकून पोटात कालवतं.

कॅम्पवाला: मस्त. आता मुख्य प्रश्न, नर खच्ची केलेत का? शिवाजी मार्केटच्या दुकानदारांपासून गोवन घरांपर्यंत सगळे हेच विचारतात. न केलेल्या मोठ्या नराच्या मटणाला शिजवताना उग्र वास येतो, गिऱ्हाईक परत येत नाही.

मुळशीची_लेक: नाही केलेत. 9 नर आहेत. भाऊ म्हणतो जनावराला त्रास नको.

शिरवळचा_डॉक्टर: त्याचं बरोबर आहे, म्हणून तर पुढच्या वेळी पिल्लं लहान असताना डॉक्टरकडूनच करून घ्या, वेदनाशामक देऊन. आता मोठ्या नरांचं केलं तरी वास जायला काही आठवडे थांबावं लागेल. आणि घरामागे कापून विकू नका, लायसन्सवाल्या कत्तलखान्यातूनच.

शेतीमित्र_77: त्यापेक्षा शेळ्या घ्या, उस्मानाबादी.

कॅम्पवाला: पाचही माद्या आधी काढा. विमाननगरला नॉर्थईस्टची मुलं भरपूर राहतात, चार-पाच जण मिळून एक अख्खं घेतात. पेंढ्याच्या घराचा व्हिडिओ आधी पाठवा, भाव नंतर बोला.

मुळशीची_लेक: भावाशी बोलले. माद्यांचं रविवारी वजन करतोय. दादा, तो व्हिडिओ तुम्हालाच पाठवू का आधी?