नाद खुळा, पण कानातला: कर्णनाद असणाऱ्यांनी अनुभव लिहा

येत्या अनंत चतुर्दशीला तीन वर्षं होतील. कोल्हापुरात महाद्वार रोडवर पापाची तिकटीच्या अलीकडे, एका मंडळाच्या डॉल्बीच्या भिंतीसमोर, मित्राचं पोरगं खांद्यावर घेऊन उभा होतो. पोरगं कान दाबून रडायला लागलं, म्हणून त्याला मागे आईकडे दिलं आणि मी परत पुढे येऊन थांबलो. चार वर्षांच्या पोराला कळलं ते मला कळलं नाही. घरी येऊन आडवा झालो तर कानात रातकिडे. झोपलं की जातील म्हटलं. अजून आहेत. यालाच कर्णनाद म्हणतात.

तपासणीला बूथमध्ये बसवलं. हेडफोन लावून, बीप ऐकू आली की बटण दाबा म्हणाले. मी बटण दाबतच सुटलो, कारण माझी स्वतःची बीप थांबतच नव्हती. मग ताईंनी तुटक तुटक आवाज लावला, 'टी-टी-टी', तेव्हा कुठे बाहेरचं कोणतं आणि आतलं कोणतं ते वेगळं झालं. कागदावर 4000 हर्ट्झपाशी रेघ खड्ड्यात गेली होती. आवाजानं कान गेलेल्यांचा खड्डा बहुतेक तिथेच पडतो म्हणे. आतल्या शंखात केसांसारख्या बारीक पेशी असतात, माणसात त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत. कानाकडून जो सूर यायचा बंद झाला, तो मेंदू स्वतःच वाजवत बसतो, असं डॉक्टरांनी साधारण समजावलं.

दिवसा कामात विसरायला होतं. रात्री पंख्याच्या घरघरीत भागतं. लाइट गेली आणि पंखा थांबला की मात्र तो आवाज भिंतीतून बाहेर आल्यासारखा येतो. जुलैमध्ये पत्र्यावर पाऊस वाजतो तेव्हा मी सगळ्यात सुखी असतो. (पंचगंगेकाठच्या लोकांनी माफ करावं.)

"दिसतोस तर धडधाकट" हे ऐकून आपल्यातले बरेच जण गप्प बसतात. औषधांच्या जाहिराती नकोत. कान कसे जपता, घरच्यांशी आणि गल्लीशी कसं जमवता, ते लिहा.

शिरोली एमआयडीसी, फाउंड्री, वय 52

मी फेटलिंगला एकवीस वर्षं काढली. कास्टिंग वाळूतनं निघालं की त्याचा रायझर, म्हणजे वर उरलेला जादा धातू, तोडायचा, कडा ग्राइंडरनं घासायच्या. जुन्या लोकांचं बघून तेलात भिजवलेला कापूस घालायचो. कापसानं काय बी होत नाही, हे कळेस्तोवर डावा कान गेला आणि शिट्टी मागं राहिली.

नवीन सेफ्टीवाला पोरगा आला, त्यानं हिशेब मांडून दाखवला. 85 डेसिबलला दिवसात आठ तास चालतं. पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि 100 ला फक्त पाव तास. आमच्या ग्राइंडरजवळ मीटर शंभराला टेकत होता. सकाळच्या चहाआधीच दिवसाचा कोटा संपत होता बघा! 1948 च्या कारखाना कायद्यात आवाजानं येणारा बहिरेपणा नोंद करायच्या रोगांच्या यादीत होता, हे पण त्यानंच सांगितलं. आमच्यात कुणाची नोंद झालेली मी बघितली नाही.

फोमचा प्लग निम्मे लोक चुकीचा घालतात. बूच लावल्यासारखा नुसता दाबायचा नाही. कोरड्या, स्वच्छ बोटांत वळून वळून तो वातीसारखा बारीक करायचा. उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरनं घेऊन कान वर आणि मागं ओढायचा, वात आत सरकवायची आणि अर्धा मिनिट बोट तसंच ठेवायचं, फुगेपर्यंत. नीट बसला का ते बघायला दोन्ही तळवे कानावर झाका. आवाजात लई फरक पडला तर प्लग बसलेला नाही, काढून परत घाला. पोरं म्हणतात, प्लग घातला की मशीनचा आवाज कळत नाही. चार दिवस जातात, मग कळतो.

इचलकरंजी (वडिलांबद्दल लिहितेय)

पप्पांनी साध्या मागावर तीस वर्षं काढली. धोटा इकडून तिकडे आपटतो त्याचा खटखटाट ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. मागवाले एकमेकांशी ओठांवरून आणि हातांनी बोलतात, ते घरी आल्यावरही तसंच. "सुट्टीदिवशी बी कारखाना डोक्यात चालू असतो," असं हसून सांगायचे. आजार आहे हे आम्हाला कधी वाटलंच नाही.

नातीचं बोलणं कळेना झालं तेव्हा तपासलं. 'स', 'श', 'फ' असली बारीक अक्षरंच त्यांना ऐकू येत नव्हती. 'साखर' आणि 'भाकर' हा घोळ रोजचा. कानाचं मशीन लावायला आठ महिने नाही म्हणाले, कारण "लोक भैरा म्हणतील". (लोक आधीपासूनच म्हणत होते!) शेवटी लावलं. ऐकू तर यायला लागलंच, पण मशीन कानात असेपर्यंत डोक्यातला कारखानाही बराच हळू होतो. बाहेरचे आवाज परत मिळाले की आतला मागे पडतो, असं ऑडिओलॉजिस्टनी (ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांनी) सांगितलं. रात्री मशीन काढलं की मग सुरू होतो, तेव्हा उशाशी बारीक आवाजात रेडिओ.

धागाकर्ता

प्लगबद्दल शिरोलीच्या काकांना शंभर टक्के. अंतराबद्दल माझी भर: उघड्या मैदानात अंतर दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल कमी होतात. महाद्वार रोडला ते गणित चालत नाही, दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत अंगावर टाकतात. मी आता मिरवणूक गंगावेशीतल्या मावशीच्या तिसऱ्या मजल्यावरून, खिडकी लावून बघतो. 2000 सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. मावशीच्या बंद खिडकीच्या आत माझा मोबाइल 80 दाखवतो. मोबाइलचा आकडा अचूक नसतो हे धरूनही, वर्गणी मागायला आलेल्या पोरांना तो दाखवला. पोरं म्हणाली, "काका, आमची पण कानं दुखतात ओ, पण पलीकडच्या मंडळाचा मोठा असतोय." यावर काय बोलायचं?

राजारामपुरी, शिक्षिका

मी कोल्हापूरची, त्यामुळे 'मी गेलो, मी आलो' असंच लिहिणार, नावं ठेवू नका.

माझी चूक उलटी झाली. लग्नातल्या फटाक्यानं कानात घंटा सुरू झाली आणि मी इतका घाबरलो की चोवीस तास प्लग घालून बसायला लागलो. घरात, रिक्षात, जेवताना. दोन महिन्यांत काय झालं, तर सासूबाईंनी ताटात वाटी ठेवली तरी कानात सुई टोचल्यासारखं व्हायचं. वर्गात मुलांनी बाकं सरकवली की डोळ्यांत पाणी. कुकरची तिसरी शिट्टी मी गॅलरीत जाऊन ऐकायचो.

ऑडिओलॉजिस्ट म्हणाले, शांततेत प्लग घातले की मेंदू आवाज आणखी वाढवून घेतो. मग हळूहळू काढायला लावले. पहिल्या आठवड्यात दिवसात एक तास, तोही सोबत पाण्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावून. सहा महिने गेले. आता नियम साधा आहे: ओरडून बोलावं लागतंय एवढा आवाज असेल तर प्लग, नाहीतर नाही. घंटा तेवढीच आहे, पण मी तिच्याकडे बघत नाही. ही सवय लावायला समुपदेशन उपयोगी पडलं, कुठल्याही गोळीपेक्षा जास्त. गोळ्यांवर घातलेले पैसे मात्र मोजत नाही, मोजले की घंटा वाढते.

कळंबा

थोडक्यात लिहितो, पण वाचाच. एका सकाळी उठलो तर उजवा कान बंद, आत घूं आवाज. सर्दी असेल म्हणून बसलो. शेजारच्या काकूंनी लसणाचं कोमट तेल घातलं. बारा दिवसांनी डॉक्टरकडे गेलो तर ते माझ्यावर चिडले. अचानक एका कानाचं ऐकणं जाणं ही इमर्जन्सी असते, स्टेरॉइड पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झालं तर ऐकणं परत यायची आशा जास्त. माझं थोडंसंच आलं. ज्यांना आवाज एकाच कानात येतोय, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धप्-धप् येतोय, त्यांनी पण वाट बघत बसू नका. आणि तेल घालू नका.

शाहूपुरी, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

इअरफोन, फुल व्हॉल्यूम, तीन वर्षं. तपासणीत रेघ सरळ आली, तरी कान वाजतात. आता गाणी साठ टक्क्यांच्या वर नेत नाही. एवढंच.

करवीर तालुका, हलगीवाला

मी हलगी वाजवतो. कुस्त्यांची मैदानं, जोतिबाची चैत्र यात्रा, वराती. हलगी शेकून ताणली की तिचा 'कडाड' कानाच्या वितीभर अंतरावर फुटतो. डावा कान गेलाय. पैलवानाचा मोडलेला कान लांबनं दिसतो, लोक मान देतात. आमचा आतनं मोडतो, तो दिसत नाही.

धंदा सोडता येत नाही. फोमचा प्लग घालून बघितला, पण कैताळवाला (सोबत झांज वाजवणारा) कुठं आहे तेच कळंना, ताल सुटायला लागला. मग एका बँडवाल्यानं फिल्टरचे प्लग सांगितले, त्यात आवाज सगळीकडनं सारखा कमी होतो, बारीक सूर गायब होत नाहीत. ते घालून यंदा चैत्रात वाजवलं. पहिला अर्धा तास पाण्याखाली वाजवतोय असं वाटत होतं, मग हात बसला. दोन वराती झाल्या की मधे एक दिवस रिकामा ठेवतो, ते जमतंय तोवर.

थोरला आता माझ्यासोबत यायला लागलाय, तेरा वर्षांचा. माझे प्लग त्याच्या कानाला मोठे होतात, वाजवताना निसटतात. लहान मापाचे फिल्टरवाले कोल्हापुरात कुठं मिळत्यात, कुणाला माहीत असलं तर सांगा. पुढच्या रविवारी मैदान आहे.