थंडीतल्या बागेची वही: तुम्ही काय काय लिहून ठेवता?

दसरा झाला की माझी जुनी वही कपाटातून बाहेर येते. पुण्यात गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत, आणि गेली सहा वर्षं ऑक्टोबर ते फेब्रुवारी मी लिहितेय. तारीख, काय पेरलं, कधी उगवलं, कुठली कुंडी कुठे ठेवलीय आणि काय मेलं. मेलेल्या झाडांची नोंद सगळ्यात जास्त उपयोगी पडते हे माझं ठाम मत आहे.

शेवंतीचंच सांगते. एका वर्षी जिन्यावर मोठा एलईडी दिवा लागला, रात्रभर चालू. त्या हिवाळ्यात जिन्याकडच्या पाच कुंड्यांना डिसेंबर संपला तरी कळी नाही, टाकीमागच्या तीन मात्र गच्च फुललेल्या. माती तीच, शेणखत तेच, रोपंसुद्धा एकाच झाडाच्या फुटव्यांची. वहीत कुंड्यांच्या जागा काढून ठेवल्या होत्या म्हणून लक्षात आलं, शेवंतीला कळी धरायला लांब आणि सलग काळोखी रात्र लागते आणि ती त्या पाचांना मिळतच नव्हती. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्येच त्या हलवल्या, आठही फुलल्या.

तुमचे अनुभव सांगा, चुकलेले तर नक्की सांगा.

*

धणे! मी दरवर्षी रगडून दोन भाग करून पेरायचे आणि आठ दिवसांत काही दिसलं नाही की माती उकरून दुसरं काहीतरी लावायचे. मागच्या वर्षी तारीख लिहिली आणि हात आवरला, तेराव्या दिवशी कोंब दिसले. थंडीत वेळ लागतो एवढंच होतं, किती बियाणं वाया घालवलं मी.

*

आमचं निफाडजवळ घर, थंडी कडक. परसात वाल, वाटाणा, गाजर असतं. मी रोज सकाळचं तापमान लिहितो आणि पुढे एकच शब्द, ऊन, धुकं किंवा ढग. तीन वर्षांची पानं शेजारी ठेवून बघितली तर वालावर मावा आला तो दरवेळी दोनतीन ढगाळ दिवसांनंतर. आता आभाळ भरलं की मी शेंड्यांची पानं उलटून बघतो, थोडा दिसला तर नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढतो, जास्त असेल तरच निंबोळी अर्क. आधी मी पानं वळायला लागल्यावर जागा व्हायचो.

*

हॅम्बुर्गहून लिहितेय. इथे डिसेंबरात जेमतेम साडेसात तास उजेड. कढीपत्ता घरात, खिडकीशी. पहिल्या हिवाळ्यात पानं गळायला लागली तसं मी घाबरून पाणी वाढवलं आणि मुळं कुजून झाड गेलं, खूप रडले होते कारण आईने दिलेल्या बियांपासून वाढवलेलं. दुसऱ्या झाडाची वही केली. पाणी दिलं की तारीख आणि बोट खुपसून माती ओली की कोरडी. उन्हाळ्यात दर तीन दिवसांनी लागणारं पाणी जानेवारीत बारा दिवसांनी लागतं! हीटरच्या कोरड्या हवेने पानांखाली कोळी नावाची कीड होते, बारीक जाळं दिसतं, तेही लिहिते. तिसरा हिवाळा चालू आहे, पानं गळतात पण खोड हिरवं आहे.

*

गोव्यातून छोटीशी टीप. तांबडी भाजी, मुळा, नवलकोल असे वाफे असतात आमचे. वाफ्यात खोचायच्या नावाच्या पट्टीवर मार्करने लिहू नका, उन्हात महिन्याभरात उडतं. साधी शिसपेन्सिल टिकते.

*

माझी वही नाही, बाबांची आहे, म्हणजे कॅलेंडरं. ते गेल्यावर माळ्यावर कालनिर्णयची अकरा वर्षांची गुंडाळी सापडली, तारखांच्या चौकोनात बारीक अक्षरात 'गुलाबाला खत', 'टोमॅटो लावले', 'भुरी दिसली'. मोगऱ्याची छाटणी प्रत्येक वर्षी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. यंदा मी २७ जानेवारीला केली, त्यांच्याच कात्रीने, आणि परवा फुटवे दिसले. छाटणीच्या आधी 'पाणी तोडलं' असंही लिहिलंय पण किती दिवस ते नाही. इथे कोणी मोगऱ्याचं पाणी तोडतं का, किती दिवस? पुढच्या वर्षीच्या चौकोनात लिहून ठेवायचंय.