मदत हवी आहे: लुथरन-एपिस्कोपल जोड-मंडळीसाठी पाळक निवडायचा कसा?

मिनेसोटातल्या आमच्या गावात लुथरन (ईएलसीए हा लुथरन पंथ, मिसुरी सिनड हा दुसरा लुथरन पंथ नव्हे) आणि एपिस्कोपल (अँग्लिकन परंपरेतल्या) मंडळ्या एकाच इमारतीत एकत्र उपासना करतात. पाळकबाई निवृत्त झाल्या, नव्या शोधाच्या समितीत मी आहे. एकमेकांचे पाळक मान्य करणारा या दोन पंथांमधला 'कॉल्ड टू कॉमन मिशन' करार २००१ पासून लागू असल्यामुळे कुठल्याही बाजूचा पाळक चालतो. फक्त लुथरन असेल आणि पाळकपदाची दीक्षा करारानंतरची असेल तर ती बिशपच्या हातून झालेली हवी, ते बघतोच आहोत. दोन्ही बिशपांच्या कार्यालयांशी बोललो, त्यांची हरकत नाही. दोन पाळकांचा पगार झेपणार नाही, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

घोडं अडलंय निवडीत. लुथरनांकडे मंडळीच्या सभेत दोन-तृतीयांश मतं लागतात, एपिस्कोपलांकडे व्हेस्ट्री (मंडळीने निवडलेलं कार्यकारी मंडळ) निवडते आणि बिशपांची संमती लागते. परवाच्या बैठकीत कॉफीचे दोन थर्मास संपले तरी आधी कोण, हे काही ठरेना. व्हेस्ट्रीने होकार दिलेलं नाव सभेत पडलं तर उमेदवाराला काय तोंड दाखवायचं?

अशा जोड-मंडळीत कोणी असाल तर सांगा: मतदान एकत्र घेतलंत की वेगवेगळं, आणि नेमणुकीचं पत्र एकच निघालं की दोन?