छापल्यावर दोन्ही स्ट्रिंग सारख्याच, तरी == खोटं का येतं?

शिकाऊ_सी:
सी भाषा, उबुंटू, ६४ बिट, जीसीसी कंपायलर. कोड इथे देवनागरीतच लिहितोय, सांभाळून घ्या.

शहर हा २० चा कॅरॅक्टर अ‍ॅरे आहे. एफगेट्सने (ओळ वाचणारं फंक्शन) त्यात नाव घेतो आणि मग इफ (शहर == "पुणे") असं तपासतो. पुणे टाइप केलं तरी कधीच खरं येत नाही. उलट अ आणि ब असे दोन पॉइंटर (पत्ता साठवणारी व्हेरिएबल) घेऊन दोघांना "पुणे" दिलं, तर अ == ब खरं येतं! शेवटी अक्षरं जुळवणारं स्ट्रकम्प लावलं, तर ० ऐवजी १० येतंय. नक्की चुकतंय कुठे?

पॉइंटरपंत:
== अक्षरांकडे बघतच नाही, ते पत्ते जुळवतं. अ‍ॅरेचं नाव असं तुलनेत आलं की त्याचा अर्थ होतो पहिल्या बाइटचा पत्ता. तुमचा शहर स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या जागेत) आहे आणि "पुणे" हे लिटरल (कोडमध्येच अवतरणात लिहिलेली स्ट्रिंग) प्रोग्रामच्या फक्त वाचता येणाऱ्या भागात. दोन जागा वेगळ्या, म्हणून उत्तर कायम खोटं. प्रिंटएफमध्ये टक्का-पी देऊन दोन्ही पत्ते छापून बघा, लगेच दिसेल.

अ == ब खरं आलं ती कंपायलरची काटकसर. एकाच फाइलमध्ये तेच लिटरल दोनदा दिसलं की जीसीसी सहसा एकच प्रत ठेवतं आणि दोन्ही पॉइंटर तिच्याकडेच वळवतं. सी भाषेच्या स्टँडर्डने याची हमी दिलेली नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. अ[०] मध्ये काही लिहायलाही जाऊ नका. लिनक्सवर बहुतेक वेळा सेगमेंटेशन फॉल्ट मिळेल, म्हणजे प्रोग्राम तिथेच कोसळेल. डब्ल्यू-ऑल फ्लॅग लावून कंपाइल केलंत तर लिटरलशी केलेल्या == वर जीसीसी स्वतःच वॉर्निंग देतं. तो फ्लॅग न लावता सी शिकणं म्हणजे हकनाक डोकेफोड.

नलबाइट:
तो १० म्हणजेच पुरावा आहे. एफगेट्स एंटरचं न्यूलाइनही बफरमध्ये (म्हणजे तुमच्या शहरमध्ये) ठेवतं आणि न्यूलाइनचा आस्की क्रमांक १०. तुमच्या बफरमध्ये "पुणे" नंतर १०, लिटरलमध्ये त्याच जागी ०, वजाबाकी १०. (दुसऱ्या मशीनवर इथेच १ येऊ शकतं. स्टँडर्ड फक्त चिन्हाची हमी देतं: शून्य, धन किंवा ऋण. म्हणून == १ असं कधी तपासू नका. आणि सारखं असेल तर ० येतं, त्यामुळे नुसतं इफ (स्ट्रकम्प(...)) लिहिलंत तर अर्थ बरोबर उलटा होतो.)

उपाय एका ओळीचा:

शहर[स्ट्रसीस्पन(शहर, शेवट)] = ०;

स्ट्रसीस्पन शेवटमधलं कुठलंही चिन्ह पहिल्यांदा कुठे येतं ती जागा देतं. शेवट या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅश-आर आणि बॅकस्लॅश-एन दोन्ही घाला. विंडोजवर बनवलेली फाइल लिनक्सवर वाचली की ओळीअखेर तो आर उरतो आणि छापताना दिसत नाही. हीच ओळ स्ट्रलेन (लांबी मोजणारं फंक्शन) वजा १ वापरून लिहिलेली बऱ्याच ठिकाणी सापडेल. ती टाळा: इनपुटची शेवटची ओळ न्यूलाइनविना संपली तर चांगलं अक्षर मोडतं.

आता २० चा आकार. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा-हलन्तसुद्धा. "पुणे" चे १२ बाइट, ते बसतात. "रत्नागिरी" चे २७. एफगेट्स १९ च वाचेल: "रत्नाग" पूर्ण आणि पुढच्या वेलांटीचा एक बाइट, म्हणजे शेवटी कचरा. उरलेले ८ बाइट आणि न्यूलाइन पुढच्या एफगेट्सच्या ताटात पडतात, मग प्रोग्राम दुसरा प्रश्न विचारून न थांबताच पुढे जातो. सरळ २५६ घ्या.

शिकाऊ_सी:
२५६ केलं, न्यूलाइन काढलं, जमलं. पण वाचायचा भाग फंक्शनमध्ये नेला आणि एफगेट्सला आकार म्हणून साइझऑफ(शहर) दिलं, तर "पु" च्या पुढे सगळं गडबडतं.

पॉइंटरपंत:
फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये अ‍ॅरे लिहिलात तरी आत पोचतो तो पॉइंटर. ६४ बिटवर त्याचा साइझऑफ ८, म्हणून एफगेट्सने ७ बाइट वाचले: "पु" चे ६ आणि "ण" चा एक. कंसात २५६ लिहूनही फरक पडत नाही. लांबी दुसरा पॅरामीटर म्हणून पाठवा, साइझऑफ जिथे अ‍ॅरे जाहीर केलाय तिथेच काढा.

नलबाइट:
गावांची यादी जुळवणार असाल तर आणखी एक. "गोऱ्हे" मधला ऱ एका कीबोर्डवर एकच ३ बाइटचं चिन्ह असतो, दुसऱ्यावर र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मिळून ६ बाइट. डोळ्याला एकच, स्ट्रकम्पला वेगळे. युनिकोड हाताळणाऱ्या आयसीयू लायब्ररीने दोन्ही बाजू एनएफसीत (युनिकोडच्या एका ठरीव रूपात) आणल्या की हे दोन जुळतात. र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) असा टाइप केलेला मात्र एनएफसीनंतरही वेगळाच राहतो, तो आधी हाताने बदलून घ्या.