मदत हवी आहे: डिसेंबरात दिल्लीतल्या संध्याकाळी कशा घालवाव्यात?

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यातल्या आमच्या हौशी नाट्यमंडळाचे दहा-बारा सभासद डिसेंबरच्या मध्यावर आठवडाभरासाठी दिल्लीला जाणार आहेत. वास्कोहून सुटणाऱ्या गोवा एक्सप्रेसची तिकिटे निघाली आहेत. उतरण्याची सोय पहाडगंजात, रामकृष्ण आश्रम मार्ग या मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर झाली आहे. दिवसा काय पाहायचे तेही पक्के झाले असून कुतुबमिनार, हुमायूनची कबर, राष्ट्रीय संग्रहालय, राजघाट वगैरे त्यात आलेले आहे. अडचण आहे ती संध्याकाळची. ज्यांच्याकडून आम्ही कार्यक्रमाचा तक्ता करून घेतला, त्यांनी संध्याकाळच्या रकान्यात रोज ‘खरेदी व विश्रांती’ एवढेच लिहून पाठवले आहे, आणि इतक्या दूर जाऊन रोज पिशव्या भरत हिंडण्याची आमच्यापैकी कोणाचीच तयारी नाही.

पणजीला आलेल्या पाहुण्याला संध्याकाळी काय करू असे विचारल्यावर जो तो त्याला मांडवीतल्या बोटीवर नाही तर कॅसिनोत धाडतो. त्याच वेळी कला अकादमीत नाटक रंगात आलेले असते किंवा जवळच्याच एखाद्या देवळात पालखी निघालेली असते, ते मात्र त्याला कोणी सांगत नाही. दिल्लीतही पाहुण्यांसाठीची एक यादी आणि तिथल्या माणसांची दुसरी यादी असणार. आम्हाला ही दुसरी यादी हवी आहे.

मंडळींबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. बहुतेक जण साठीच्या आसपासचे असून एका मावशींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यामुळे सपाटीवर त्या चालतात, पण पायऱ्या त्यांना नकोशा वाटतात. जागरणाचे आम्हाला वावडे नाही, कारण जत्रेतली नाटके पहाटेपर्यंत पाहण्यात आणि करण्यात आमचे आयुष्य गेले आहे. थंडीचे मात्र भय वाटते. दोघी-तिघी मार्गशीर्षातले गुरुवार करतात, म्हणून त्या दिवशीची वेळ सांभाळावी लागेल. मद्यालये आणि मॉल कृपया सुचवू नयेत. नाटक, गाणे, कीर्तन, इतिहास यांपैकी काहीही असल्यास आम्ही आनंदाने जाऊ.

लाल किल्ल्यातला ध्वनी-प्रकाश खेळ आणि अक्षरधामचा पाण्याचा खेळ ही दोन नावे आम्ही ऐकून आहोत. ते खरोखर पाहण्यासारखे आहेत का, एका संध्याकाळी दोन ठिकाणे होतात का, आणि रात्री मेट्रोने परतणे आमच्या वयाच्या बायकांना सोयीचे पडेल का, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास फार उपकार होतील. आम्ही रविवारी पोहोचतो आणि शनिवारी परतीच्या गाडीत बसतो.

प्रतिसाद (मूळचा डिचोलीचा, नोकरीमुळे दिल्लीत)

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण इथे येणारे आपले बहुतेक लोक संध्याकाळ करोल बागेच्या बाजारात घालवून परत जातात.

पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ. डिसेंबरात गोव्यात सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो, तर दिल्लीत साडेपाचच्या आतच मावळतो आणि त्यानंतर गारठा झपाट्याने वाढतो. त्यामुळे इथली संध्याकाळ साडेचारलाच सुरू होते असे धरून दुपारचा कार्यक्रम आवरता घ्यावा. उघड्यावरचे जे असेल ते सूर्यास्ताच्या आसपास उरकून साडेसहा-सातनंतर बंदिस्त जागी जावे, हा क्रम आपल्या वयाच्या मंडळींना मानवेल. एका संध्याकाळी दोन ठिकाणे करायचीच असतील तर ती एकमेकांना लागून असलेली निवडावीत. लाल किल्ला आणि अक्षरधाम एकाच संध्याकाळी करू म्हणणाऱ्याच्या वाट्याला दोन्हींच्या रांगाच येतात.

दुसरी गोष्ट वाराची. सोमवारी लाल किल्लाही बंद असतो आणि अक्षरधामही. म्हणून सोमवार इंडिया गेटलगतच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाला द्यावा. फेब्रुवारी 2019 मध्ये त्याचे लोकार्पण झाले. ग्रॅनाइटच्या विटांवर स्वातंत्र्योत्तर काळात कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत आणि त्या भिंती वर्तुळाकार असल्यामुळे माणूस नावे वाचत वाचत आत आत जातो. सूर्यास्ताच्या सुमारास तिथे रिट्रीटचा छोटा लष्करी सोहळा होतो, आणि त्या वेळी एखाद्या हुतात्म्याच्या घरच्या व्यक्तीच्या हातून पुष्पचक्र वाहिले जाते. तिकीट नाही आणि जमीन सपाट आहे, त्यामुळे मावशींना अडचण पडणार नाही. शेजारच्या परम योद्धा स्थळावर परमवीरचक्राच्या 21 मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत. त्यांत रामा राघोबा राणे यांचा पुतळा अवश्य शोधावा. ते कारवारकडचे, म्हणजे आपल्या सीमेवरच्या पोळे नाक्याच्या पलीकडचेच. 1948 च्या एप्रिलमध्ये नौशेरा ते राजौरी या वाटेवर शत्रूच्या माऱ्याखाली सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला होता. तिथून बाहेर पडल्यावर उजळलेल्या कर्तव्यपथावर थोडे फिरावे आणि रिक्षा करून परतावे.

आता तुमच्या खऱ्या आवडीचे. नाट्यमंडळ दिल्लीत येऊन मंडी हाऊसला गेले नाही तर तो नटराजाचा अपमान होईल! मेट्रोच्या निळ्या मार्गिकेवर तुमच्या रामकृष्ण आश्रम मार्गानंतर राजीव चौक, बाराखंबा रोड आणि मग मंडी हाऊस लागते, म्हणजे गाडी बदलण्याचेही काम नाही. त्या एका गोल चौकाच्या आसपास कमानी सभागृह, श्रीराम सेंटर, एल. टी. जी. सभागृह, त्रिवेणी कला संगम आणि संगीत नाटक, साहित्य व ललित कला या तिन्ही अकादम्यांचे रवींद्र भवन अशा संस्था दाटीवाटीने उभ्या आहेत; भगवानदास मार्गावर 1959 मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. हिवाळा हा तर इथला नाटक-संगीताचा मोसमच. प्रयोग सहसा साडेसहा-सातच्या सुमारास सुरू होतात आणि शास्त्रीय संगीत-नृत्याच्या बऱ्याच कार्यक्रमांना तिकीटही नसते. माझा आग्रह असा की आधीपासून काही ठरवून येऊ नये. दुपारी चार-साडेचारला मंडी हाऊसला उतरून प्रत्येक दारावरचे फलक वाचत एक फेरी मारावी, जे आवडेल त्याचे तिकीट काढावे आणि मधल्या वेळात जवळच्या बंगाली मार्केटमध्ये चाट किंवा छोले-भटुरे खाऊन घ्यावेत. कोणत्या रंगमंचाची खोली किती, प्रकाशयोजना कशी बसवली आहे, यावर परतीच्या वाटेवर तुमच्यात जी चर्चा होईल ती मला इथे बसूनही ऐकू येते आहे. या एका ठिकाणाला आठवड्यातून दोन संध्याकाळी दिल्या तरी मी त्या जास्त म्हणणार नाही.

मेट्रो रात्री अकराच्या सुमारापर्यंत चालते आणि गाडीच्या धावण्याच्या दिशेने पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव असतो. बायकांनी त्यात बसावे, मात्र उतरण्याचे स्थानक आधी सर्वांना पाठ करून द्यावे.

प्रतिसाद (मडगावहून)

वरील प्रतिसादात आले नाही ते सांगते. बंगला साहिब गुरुद्वाऱ्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी. तो कॅनॉट प्लेसपासून जवळ आहे आणि चोवीस तास उघडा असतो. शिखांचे आठवे गुरू हरकिशन 1664 मध्ये जिथे राहिले होते त्या राजा जयसिंगांच्या बंगल्याच्या जागी तो उभा आहे, म्हणून त्याचे नाव ‘बंगला’. चपला ठेवायची व्यवस्था नीटनेटकी आहे, डोके झाकायला कापड तिथेच मिळते, आणि आत गालिच्यावर बसून कितीही वेळ कीर्तन ऐकत राहिले तरी कोणी उठा म्हणत नाही. पेटी-तबल्याची साथ आणि रागदारीत बांधलेले शब्द ऐकून आपल्याकडच्या भजनी माणसाला परके असे काही वाटतच नाही. खाली मांडी घालून बसणे जमत नसेल तर सेवेकऱ्यांना विचारावे, ते सोय करून देतात. लंगरमध्ये पंगतीला बसावे. पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची, ही तिथली रीत. डिसेंबरात संगमरवरी फरशी पायांना अक्षरशः चटका देते इतकी गार असते, म्हणून पायमोजे घालूनच जावे.

गुरुवारबद्दल. तुमच्या मैत्रिणींचा उपास आणि निजामुद्दीन दर्ग्यातली कव्वाली एकाच वारी येते, कारण कव्वालीची मोठी बैठक गुरुवारीच संध्याकाळी असते. दोन्ही साधता येईल. पूजा आणि कहाणी दुपारीच खोलीवर आटोपून घ्यावी आणि नैवेद्याचा डबा बरोबर न्यावा. अंधार साडेपाचलाच पडतो, त्यामुळे उपास सोडूनही सहा-साडेसहापर्यंत दर्ग्यात पोहोचता येते. वाट अगदी अरुंद गल्लीतून जाते आणि दोन्ही बाजूंचे फुलवाले चपला आमच्याकडे ठेवा म्हणून गळ घालतात. त्यांच्याकडे लक्ष न देता सरळ आत जावे. मुख्य कबरीच्या दालनात स्त्रियांना प्रवेश नाही, अंगणात मात्र सर्वांना बसता येते आणि कव्वालही तिथेच बसतात. त्याच आवारात अमीर खुसरोंची कबर आहे. गुरू निजामुद्दीन औलिया आणि शिष्य खुसरो दोघेही 1325 मध्येच गेले. आधी खुसरोंना सलाम करून मग गुरूंकडे जाण्याची प्रथा आहे. गर्दी फार असते, म्हणून ज्यांना चेंगराचेंगरीचा त्रास होतो त्यांनी हा बेत सोडून दिलेलाच बरा.

प्रतिसाद (म्हापशाहून, थोडक्यात)

लाल किल्ल्यातला खेळ 2023 च्या जानेवारीत ‘जय हिंद’ या नावाने नव्याने सुरू झाला आणि तो हिंदीत व इंग्रजीत असतो. प्रेक्षकांना एका जागेवरून दुसऱ्या जागी चालत जावे लागते, त्यामुळे बसून पाहायच्या तयारीने जाऊ नये. वेळा ऋतुमानाप्रमाणे बदलतात आणि त्या भागातल्या सुरक्षेच्या नियमांमुळेही फरक पडतो, तेव्हा तिकीट आणि वेळ आदल्या दिवशी तपासूनच निघावे. मात्र मराठी माणसाने किल्ला दिवसाउजेडी आधी पाहून ठेवावा. दिवाण-इ-खासचे चांदीचे छत 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी सैन्याचा खर्च भागवण्यासाठी उतरवून वितळवले होते, आणि पुढल्याच जानेवारीत पानिपत झाले. तिथे वर मान करून उभे राहिले की अंधारातल्या निवेदनाची वेगळी गरज भासत नाही, असे माझे मत.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मंडी हाऊसचे वर्णन आज तालमीच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवले आणि तिथे दोन संध्याकाळी द्यायच्या, यावर एकमत झाले. सोमवारी युद्ध स्मारक, गुरुवारी दर्गा (मावशी आणि आणखी दोघे त्या वेळी बंगला साहिबला जातील), असे ठरते आहे. लाल किल्ल्याचा रात्रीचा खेळ वगळून किल्ला दिवसा पाहू. अक्षरधामबद्दल मात्र कोणीच काही लिहिले नाही. आमच्यातल्या अर्ध्या लोकांना ते हवे आहे. शिवाय मासळीवाचून आठवडा काढू न शकणारे दोघे जण रोज जेवणाचे विचारत आहेत, त्यांचे काय करावे?

प्रतिसाद (मूळचा डिचोलीचा)

मासळीसाठी दिल्ली हाटला जावे. पिवळ्या मार्गिकेवरच्या आय. एन. ए. स्थानकाला लागूनच ते आहे. 1994 पासून चालू असलेल्या या बाजारात निरनिराळ्या राज्यांची खाद्यदालने आहेत आणि बंगाल किंवा ईशान्येकडच्या दालनात माशाचे काहीतरी मिळून जाते. नदीचा मासा आहे, त्यात बांगड्याची चव शोधू नये एवढे त्या दोघांना सांगून ठेवावे. कारागीर स्वतः बसलेले असतात, तेव्हा ज्यांना थोडी खरेदी करायचीच आहे त्यांचीही सोय होते.

अक्षरधाम मंगळवारी करावे. प्रवेशाला पैसे नाहीत, पाण्याच्या खेळाला तिकीट आहे. खेळाची कथा केनोपनिषदातली, म्हणजे देवांचा गर्व आणि यक्षाची, त्यामुळे कीर्तने ऐकलेल्या माणसाला ती सहज कळते. बसायला कुंडाच्या दगडी पायऱ्या आहेत. मावशींना वरच्या बाजूलाच बसवावे, बसायला घोंगडीसारखे काही न्यावे आणि तिथल्या सेवकांना आधीच सांगून ठेवावे. मोबाइल, कॅमेरा, बॅगा यांतले काहीही आत नेऊ देत नाहीत. सगळे सामान बाहेरच्या खोलीत ठेवावे लागते आणि तिथे रांग लागते, म्हणून चारच्या आधी पोहोचावे. फोन जवळ नसताना दहा-बारा जणांची चुकामूक झाली तर शोधत बसावे लागेल, तेव्हा बाहेर पडल्यावर कुठे जमायचे ती जागा आत शिरण्यापूर्वीच सर्वांना दाखवून ठेवावी.

मेट्रोने जाताना एवढे पाहावे की गाडी नोएडाकडे जाणारी असेल. निळी मार्गिका यमुना बँक स्थानकावर दुभंगते आणि वैशालीची गाडी अक्षरधामला जातच नाही. चुकून तीत बसलात तर यमुना बँकलाच उतरावे, नोएडाची गाडी तिथे मिळते.