लंडन: शेजाऱ्यांच्या शेडखाली कोल्हीण व्यायली आहे. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही हॅरोत राहतो. शेजारच्या आजींच्या लाकडी शेडखाली कोल्हिणीने पिल्लं घातली आहेत. आता ती संध्याकाळी बाहेर येऊन हिरवळीवर खेळतात. आजींनी ससे पाळलेत, नातवंडंही येतात, म्हणून त्या घाबरल्यात. कौन्सिल कोल्हे मारत नाही, तेव्हा त्या खासगी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावणार आहेत. पिंजरा लावायचा आणि सापडेल त्याला गोळी घालायची, असा बेत आहे. आपल्या जागेत नियम पाळून असं करायला कायद्याची आडकाठी नाही. पण आई गेली तर एवढीशी पिल्लं भुकेने मरतील, या विचाराने मला झोप लागत नाही.

यजमानांच्या ओळखीच्या एकांच्या डेव्हनमध्ये मेंढ्या आहेत. ते म्हणतात, "नुकतं जन्मलेलं कोकरू पळवलेलं बघा, मग बोला." त्यांचं दुःख मला पटतं. शिकारी कुत्र्यांनी कोल्हे मारायला 2005 पासून इंग्लंड-वेल्समध्ये बंदी आहे, बंदुकीला नाही; कोकरांच्या दिवसांत ते पहारा देतात. मात्र 2001 मध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे जवळजवळ वर्षभर शिकार बंद होती, तरी कोल्हे वाढल्याचं पाहणीत दिसलं नाही. शहरात तर एक मारला की मोकळ्या हद्दीत दुसरा येतोच. मग या मारण्यातून आजींच्या पदरात काय पडणार?

पिल्लांना इजा न होता कोल्हीण हलवता येते का? सशांचं काय करावं? आणि आजींना न दुखावता हे कसं सांगू? घरच्यांना रेबीजची धास्ती आहे, पण ब्रिटनच्या कोल्ह्यांत तो नाही, एवढं मी त्यांना समजावलंय.

क्रॉयडनकर: ताई, पिल्लं आत असताना बीळ मुळीच बुजवू देऊ नका. रोज शेडपाशी वावर ठेवा, बिळाच्या तोंडाशी थोडी माती सैल लोटा. त्रास वाटला की बहुतेकदा कोल्हीणच पिल्लांना दुसरीकडे नेते. डिझेल, फिनेल असलं काही ओतू नका, ते बेकायदा आहे. दुकानात कोल्ह्यांसाठी मान्यता असलेलं वासाचं औषध मिळतं. बीळ रिकामं झाल्याची खात्री पटली की शेडभोवती जाळी जमिनीत फूटभर गाडा.

नॉरफकवाली: मी कोंबड्या पाळते, कोल्ह्याने माझंही नुकसान केलंय. पातळ कोंबडजाळी तो दातांनी फाडतो. सशांच्या खुराड्याला जाड वेल्डेड जाळी आणि दोन कड्या लावा, खाली फरशी घाला. आजींकडे जाल तेव्हा कोल्ह्यांचा विषय नंतर काढा. आधी "खुराडं मीच बसवून देते" म्हणा.

धागाकर्ती: दोघांचे आभार. शनिवारी यजमान जाळी आणतायत. पेस्ट कंट्रोलवाल्याला तोवर थांबवा, अशी विनंती करायला आजच आजींकडे जाते.