ॲलिसच्या हातात सुरा दिला तर एवढं काय बिघडलं?

मांजरपाट

लहानपणीच्या आवडत्या पुस्तकांच्या धाग्यावर परवा विहीरगाव यांनी लिहिलं : "निरागस असं काही शिल्लक ठेवायचंच नाही, असं या गेमवाल्यांनी ठरवलेलं दिसतं. भाच्याच्या लॅपटॉपवर 'ॲलिस: मॅडनेस रिटर्न्स' पाहिला. जिने आम्हाला हसवलं ती पोर रक्ताळलेला सुरा घेऊन फिरते आणि दात गोळा करते. विकृती, दुसरं काय!" खाली '+१' ची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते आवरेना, म्हणून हा वेगळा धागा.

विहीरगाव, लुईस कॅरोलचं मूळ पुस्तक, 'ॲलिस इन वंडरलँड', शेवटचं कधी उघडलं होतंत? तुमच्या त्या निरागस गोष्टीत राणी दर दोन वाक्यांनी कुणाचं तरी मुंडकं उडवायला सांगते. स्वयंपाकीण तान्ह्या बाळाच्या दिशेने भांडी भिरकावते, आणि त्या बाळाचं पुढे डुक्कर होतं. मगर गोड हसत इवल्या माशांना जबड्यात या म्हणते. दुसऱ्या पुस्तकात (१८७१) वॉलरस आणि सुतार कालवांच्या पिल्लांना फिरायला म्हणून नेतात आणि ब्रेड-बटरबरोबर फस्त करतात. वॉलरस तर त्यांच्यासाठी रडत रडत मोठी मोठी निवडून खातो. कॅरोलच्या काळात मुलांना शहाणपण शिकवणाऱ्या कविता पाठ करायला लावत. त्यानं त्यांचीच टर उडवली. तो लहान मुलांना काचेच्या कपाटात ठेवणारा माणूस नव्हता. ते आपण नंतर केलं, चित्रं गुलाबी-निळी रंगवून.

आता गेम. सन १८७५, लंडन. ॲलिसचं घर जळालंय, आईवडील आणि बहीण त्यात गेलेत, काही वर्षं वेड्यांच्या इस्पितळात काढून ती आता हाउंडस्डिच भागातल्या एका अनाथालयात राहते. तिच्या डोक्यातलं वंडरलँड नासत चाललंय. पुस्तकातल्या हॅटरच्या चहापानाच्या जागी धूर ओकणारा कारखाना आहे, आणि खुद्द हॅटरचे हातपाय वेगळे करून ठेवलेत. लंडनमध्ये ही मुलगी कुणाच्या खिजगणतीत नाही, हातात काही नाही, जो तो टाकून बोलतो. तिकडे गेली की सुरा. हे ज्याला नुसतं रक्त दिसतं त्यानं गेम भाच्याच्या खांद्यावरून पाहिलाय, खेळलेला नाही.

आणि आक्रसण्याची ती युक्ती! पुस्तकात बाटलीतलं पिऊन लहान होणं ही ॲलिसची अडचण असते. इथे लहान झाल्यावरच अदृश्य पायऱ्या दिसतात, भिंतीवर खडूनं काढलेल्या खुणा दिसतात. म्हणजे मोठ्यांना जे दिसत नाही ते बघायचं तर मुलाएवढं व्हा. कॅरोलला यापेक्षा चांगला नमस्कार कुणी केला असेल तर दाखवा.

गेम करणारा अमेरिकन मगी (होय, हेच त्याचं नाव) 'डूम' आणि 'क्वेक' हे गेम करणाऱ्या टोळीतला. पहिली ॲलिस २००० साली काढली, ही दुसरी २०११ साली शांघायमधल्या स्पायसी हॉर्स या स्टुडिओतून. तिसरीसाठी वर्षानुवर्षं आराखडे केले. २०२३ मध्ये हक्क असलेल्या ईए या गेम कंपनीनं पैसे द्यायलाही नकार दिला आणि हक्क द्यायलाही. तेव्हा त्यानं गेम करणंच सोडलं. हे काही चार पैशांसाठी गोष्ट नासवणाऱ्या माणसाचं वागणं नव्हे.

विहीरगाव

माझ्या नावानं धागा निघाला, कृतार्थ झालो.

पुस्तक मी दरवर्षी उघडतो. ग्रिफन ॲलिसला काय सांगतो ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. राणीची ती सगळी कल्पना आहे, इथे कुणालाही मारत नाहीत, असं तो हसत हसत सांगतो. अख्ख्या पुस्तकात एक मुंडकं उडत नाही. गंमत तिथेच आहे. तुमच्या गेममध्ये उडतात. धमकी आणि खून यात फरक करता येत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

मांजरपाट

कालवांना विचारा.

विहीरगाव

कालवं कवितेत आहेत. कवितेतल्या पात्रांना मी मोजत नाही.

कॅफीनकर

दोघांनाही साष्टांग दंडवत, पण कुणी खेळाबद्दल बोलणार आहे का? कला अप्रतिम, प्रत्येक भागात पोशाख बदलतो, तिहेरी उडी मारून घागरा फुलवत तरंगत जाणं म्हणजे निव्वळ सुख. पण प्रत्येक प्रकरण दुप्पट लांब. तोच घसरगुंडीचा मार्ग, त्याच कळा दाबून तीच दारं उघडणं. वर पीसीवर सेकंदाला तीस फ्रेमचं कुलूप. ते इंजिनाच्या फाइलमधला एक आकडा बदलून निघतं, हे मला गेम संपल्यावर कळलं. नुसत्या प्रतीकांवर पोट भरत नाही हो.

मांजरपाट

लांबीबद्दल शंभर टक्के सहमत. समुद्रतळाच्या भागात सुतार आपल्याला घरगड्यासारखा पिटाळतो, तिथे मीही कंट्रोलर आपटला होता.

डॉ. खडीसाखर

मी गेम खेळत नाही, धाकटी खेळते. पण 'वेड्यांच्या इस्पितळात काढून' हे वाचलं आणि राहवलं नाही. मी मनोविकारतज्ज्ञ आहे. भय निर्माण करायचं म्हटलं की तुम्हा लोकांना एकच जागा सुचते. अंधारे कॉरिडॉर, साखळ्या, जळवा, डोळे वटारलेला डॉक्टर. वास्तविक १८७५ येईपर्यंत इंग्लंडमध्ये हॅनवेलच्या इस्पितळात जॉन कॉनलीनं साखळ्या सोडून पस्तीसएक वर्षं झाली होती. आणि ज्या कॅरोलच्या नावानं हे चाललंय त्याचा सख्खा मामा, स्केफिंग्टन लुटविज, सरकारी कमिशनर म्हणून देशभरची अशी इस्पितळं तपासत फिरायचा. भाच्याला फोटोग्राफीचा नादही त्यानंच लावला. १८७३ मध्ये सॅलिसबरीजवळच्या इस्पितळाच्या तपासणीत एका रुग्णानं त्याच्यावर हल्ला केला, त्यातच तो गेला. घरात इतकं घडत असलेल्या माणसाची गोष्ट घ्यायची आणि तिला असा स्वस्त भयपट जोडायचा!

तिरसट

डॉक्टर, ॲलिसला ठाण्याचं तिकीट काढून द्या, म्हणजे धागा संपेल. 😀

डॉ. खडीसाखर

हाच तो विनोद. ठाण्याचं इस्पितळ १९०१ पासून आहे आणि तेव्हापासून हाच विनोद चालू असावा. तुमच्यासारख्यांमुळे माणसं आजार पाच-पाच वर्षं लपवून मग आमच्याकडे येतात. पत्रिका दाखवतात, अंगारा लावतात, लग्न लावून देतात, पण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. कारण चढलं की 'ठाण्याला नेलं होतं' हा शिक्का.

तिरसट

अहो, स्मायली टाकलीय. विनोदाचं प्रिस्क्रिप्शनही तुमच्याकडून घ्यायचं का?

शेवंताबाई

तिरसट, स्मायली टाकली की काहीही चालतं का?

माझी मावशी अशाच एका इस्पितळात होती. मी नववीत. गावात सांगितलं होतं की ती सुरतेला नोकरीला आहे. भेटायला जायचो ते दिवाळीच्या खरेदीला जातोय असं सांगून. डॉक्टरसाहेब, साखळ्या नव्हत्या हे खरं. पण तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिच्याबद्दल बोलायचे. ती समोर बसलेली असताना. "जेवते का? झोपते का? ओळखते का?" मी हा गेम पहिल्यांदा खेळले तेव्हा ॲलिस त्या डॉक्टरसमोर बसलीय आणि तो तिला सांगतोय की विसर, सगळं विसर, तेव्हा मला मावशीच दिसली. तो कॉरिडॉर स्वस्त असेल. मला तो महाग पडला.

डॉ. खडीसाखर

ताई, तुमचा अनुभव नाकारत नाही. तरीही एक सांगतो, आता कायदा बदललाय. २०१७ च्या कायद्याप्रमाणे भूल दिल्याशिवाय शॉक देताच येत नाही, दाखल करण्यावर, डांबून ठेवण्यावर बंधनं आहेत.

शेवंताबाई

कायदा बदलला. "ओळखते का?" तेवढं बदलायचं राहिलं.

ढगफुटी

बाकी चर्चेत पडत नाही, पण गेममधला डॉक्टर बंबी १८७५ मध्ये संमोहनानं उपचार करतो यावर नाकं मुरडू नका. लंडनमध्ये डॉ. जॉन एलियटसनला मेस्मेरिझमच्या, म्हणजे जुन्या संमोहनाच्या, वादात १८३८ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज इस्पितळाचा राजीनामा द्यावा लागला होता. आपल्याकडे हुगळीला जेम्स एस्डेल १८४५ पासून माणसं तशीच निजवून शस्त्रक्रिया करत होता. तेव्हा डॉ. बंबी काळाला धरूनच आहे. मुलांच्या आठवणी पुसून त्यांना गिऱ्हाइकांना विकणारा डॉक्टर दाखवणं अतिरेकी वाटेल, पण शेवटी ॲलिस त्याला आगगाडीखाली ढकलते तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

अर्धवट

अरे काय हे!!! मी तिसऱ्या प्रकरणात आहे!

ढगफुटी

गेम २०११ चा आहे.

अर्धवट

मी २०११ मध्ये पाचवीत होतो! घरी पीसीला चार्टर्ड अकाउंटंट दादाचा पासवर्ड होता!

शून्यप्रहर

विहीरगावांची बाजू घेतोय, पण त्यांच्या कारणासाठी नाही. रक्ताला माझी हरकत नाही. माझी हरकत उत्तरांना आहे.

कॅरोलच्या वंडरलँडमध्ये कशालाच कारण नाही. चहा संपत नाही कारण घड्याळ सहावर अडकलंय, घड्याळ अडकलंय कारण काळ रुसलाय, काळ रुसला कारण हॅटर गाणं म्हणताना त्याचा खून करत होता म्हणे. एका कारणामागे दुसरं, आणि तळाला काहीच नाही. मुलाला जग असंच दिसतं आणि म्हणून ते पुस्तक दीडशे वर्षं टिकलं. गेममध्ये प्रत्येक राक्षसाला पत्ता आहे. कारखाना म्हणजे अमुक, बाहुल्या म्हणजे तमुक, आग कुणी लावली, का लावली, सगळं शेवटी एका माणसाच्या माथी. पहिल्या गेममध्ये निदान मांजरीनं दिवा पाडला होता. तो निव्वळ अपघात होता, आणि तेच जास्त भयंकर होतं. दुसऱ्यात त्याचा गुन्हा केला आणि गुन्हेगार पकडला. मांजरपाट, तुम्ही म्हणता कॅरोलनं बोधपर कवितांची टर उडवली. या गेमच्या शेवटी मुलांना बोधच मिळतो की : आठवा, म्हणजे बरे व्हाल.

मांजरपाट

हा मुद्दा विहीरगावांना सुचला असता तर मी धागाच काढला नसता.

पण पूर्ण मान्य नाही. पुस्तक ऐकवलं गेलं ते सुखवस्तू घरातल्या मुलींना, थेम्सवर होडीत, १८६२ च्या जुलैत. अशा घरातल्या मुलीला जगाला अर्थ नाही ही गंमत परवडते. गेममधल्या अनाथालयातल्या मुलीला ती परवडत नाही. तिच्याशी जे झालं त्याला कारण होतं आणि त्या कारणाला नाव-गाव होतं. 'असंच होतं, जग असंच असतं' हे तिला आयुष्यभर तो डॉक्टरच सांगत आलाय.

शून्यप्रहर

हे गेमपेक्षा तुम्ही चांगलं सांगितलंत. गेमनं इतकं सांगायला वीस तास दात वेचायला लावले.

कॅफीनकर

माझा लांबीचा मुद्दा अखेर पटलाय असं समजतो.

तिरसट

शेवंताबाई, तो विनोद माझ्या घरातही चालतो. चुलतभावावर. त्याच्यासमोर. आज पहिल्यांदा मी तो घरात ऐकला आणि हसलो नाही. डॉक्टरांनी यात आपला विजय मानू नये, त्यांची भाषणं अजूनही लांब आहेत.

डॉ. खडीसाखर

मानत नाही. भाऊ औषधं घेतो का?

तिरसट

बघा! "घेतो का?" त्यालाच विचारा की.

शेवंताबाई

👏

विहीरगाव

इथे आता गेमही नाही आणि ॲलिसही नाही, तेव्हा मीच धाग्यावर परत आणतो. काल भाच्याला बसवून सुरुवातीचं एक प्रकरण स्वतः खेळलो. तीन ठिकाणी दरीत पडलो, तो हसला. हवेत लटकलेल्या डुकराच्या नाकावर मिरपूड झाडली की ते शिंकतं आणि वाट उघडते, यावर मी हसलो. हे कॅरोलला आवडलं असतं, एवढं देतो. 'विकृती' हा शब्द मात्र तसाच ठेवतोय.

मांजरपाट

ठेवा. बाहुल्यांच्या प्रकरणापर्यंत पोचलात की पुन्हा लिहा. तिथे तुम्ही तो शब्द वापरलात तर मी वाद घालणार नाही, कारण तिथे तो गेमनंच वापरलाय, त्या डॉक्टरसाठी.

अर्धवट

बाहुल्यांचं प्रकरण असतं हे मला का सांगताय???